रंग आणि मंच : एका अर्थांतराची मीमांसा

१

भागवताच्या दशम स्कंधात कंसवधाचा जो प्रसंग आहे, त्यात श्रीकृष्ण कंसाला उंच मंचावरून खाली रंगावर पाडतो. आजच्या मराठी वाचकाने हे वर्णन आजच्या अर्थाने वाचले, तर त्याच्या डोळ्यांपुढे विपरीत चित्र उभे राहील. मंच म्हणजे प्रयोगाची उंच जागा अशी त्याची समजूत असते. मग कंस प्रयोग करीत होता की काय, आणि मंचावरून 'रंगावर' पडणे म्हणजे नेमके कोठे पडणे, हे त्याला उमगत नाही. वस्तुतः प्रसंग अगदी सरळ आहे. मंच ही पाहणाऱ्यांची आसने. रंग ही मल्ल झुंजतात ती मधली मोकळी भूमी. पाहणारा राजा पाहण्याच्या जागेवरून खेळाच्या जागेत ओढला जातो आणि तेथेच त्याचा अंत होतो. प्रसंगातील सारे नाट्य या दोन शब्दांच्या विरोधावर उभे आहे. आणि 'रंगमंच' या आजच्या सामासिक शब्दात नेमका तोच विरोध पुसला गेला आहे.

उघड्यावरच्या प्रयोगस्थानाला मराठीत 'खुला रंगमंच' म्हणण्याचा प्रघात आहे. महाविद्यालयांच्या आवारात अर्धवर्तुळाकार पायऱ्या बांधून जे प्रयोगस्थान तयार करतात, त्याला 'ॲम्फिथिएटर' असेही म्हणतात, आणि हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून सर्रास वापरले जातात. व्यवहारात यामुळे कोणाचे अडत नाही. परंतु जुन्या ग्रंथांच्या आधारे भारतीय प्रयोगस्थानांचा इतिहास जेव्हा लिहिला जातो, तेव्हा शब्दाचा आजचा अर्थ नकळत मागे नेला जातो, आणि महाकाव्यांत 'मंच' दिसला की तेथे उंच रंगपीठाचा पुरावा सापडला असे मानले जाते. हा दोष शब्दार्थाचा आहे, आणि त्याचे निराकरणही शब्दाच्या इतिहासातूनच व्हावयास हवे.

२

प्रथम 'रंग' या शब्दाचा विचार करणे युक्त होईल. मराठीत रंग म्हणजे वर्ण हा अर्थ इतका प्रबळ आहे, की 'रंगभूमी' या शब्दातही रंगीबेरंगी, वेषभूषेने नटलेली भूमी असा ध्वनी अनेकांना ऐकू येतो. फारसीतही 'रंग' हा शब्द वर्ण याच अर्थी असल्यामुळे व्यवहारभाषेत त्या अर्थाला अधिकच बळ मिळाले. परंतु प्रयोगस्थानवाचक 'रंग' शब्दाची घडण निराळ्या दिशेने पाहावी लागते.

पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादाचे सत्ताविसावे सूत्र या बाबतीत फार उद्‌बोधक आहे. घञ् प्रत्यय पुढे असता रञ्ज् धातूतील अनुनासिकाचा लोप होतो, पण तो केवळ भाव आणि करण या दोन अर्थी, असा त्याचा आशय. म्हणजे रंगण्याची क्रिया, किंवा ज्याने रंगवावयाचे ते साधन, यांना 'राग' हे रूप मिळते. अर्थ याहून निराळा असेल तेथे लोप होत नाही. सूत्रातील 'भाव आणि करण' ही मर्यादा कशासाठी, असा प्रश्न करून काशिकावृत्तीने जे प्रत्युदाहरण दिले आहे ते 'रंग' याच शब्दाचे : ज्यात लोक रंगतात तो रंग. येथे प्रत्ययाचा अर्थ अधिकरणाचा, म्हणजे स्थानाचा आहे.

व्याकरणकारांची व्युत्पत्ती म्हणजे ऐतिहासिक पुरावा नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो रास्तही आहे. वर्णवाचक 'रंग' शब्द संस्कृतात आढळतो, हेही खरे. तरीसुद्धा एवढे निश्चित म्हणता येते, की काशिकाकारांच्या काळी 'रंग' हा शब्द ऐकताच सुशिक्षितांच्या मनात प्रथम स्थान उभे राहत होते. अन्यथा स्थानवाचकतेचे उदाहरण म्हणून तो निवडला गेला नसता. राग आणि रंग ही एकाच धातूची दोन रूपे. एक मनाच्या रंगण्याचे, दुसरे त्या रंगण्याच्या जागेचे. या जागेला भिंत असावी, छप्पर असावे, किंवा ती जमिनीपासून उंच असावी, यांपैकी काहीही शब्दाच्या घडणीत अभिप्रेत नाही.

३

शब्दाच्या घडणीवरून जे अनुमान निघते त्याला महाकाव्यांतील वर्णनांचा भरपूर आधार आहे. महाभारताच्या आदिपर्वात कौरवपांडवांच्या अस्त्रविद्येच्या प्रदर्शनाचे जे वर्णन आहे, ते उघड्यावरच्या प्रयोगस्थानाचे बहुधा सर्वांत तपशीलवार असे जुने वर्णन म्हणता येईल. द्रोणाचार्य झाडेझुडपे नसलेली सपाट जमीन निवडतात आणि ती मोजून घेतात. शिल्पी राजासाठी व राजस्त्रियांसाठी प्रेक्षागार बांधतात. जानपद लोक आपापल्यासाठी मंच उभे करतात. पुढे कर्ण येतो तो विस्तीर्ण 'रंगा'त प्रवेश करतो. प्रेक्षागार, मंच आणि रंग या तीन शब्दांची कामे येथे स्पष्टपणे वाटली गेली आहेत : पहिले दोन पाहणाऱ्यांकडचे, तिसरा करणाऱ्यांकडचा. द्रौपदीस्वयंवरातही नगरवासी व जानपद लोक मंचांवरच बसलेले आहेत.

पाली वाङ्मयाची साक्षही हीच आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत उग्गसेन नावाच्या श्रेष्ठिपुत्राची कथा आहे. डोंबाऱ्याचा खेळ पाहण्यासाठी तेथे जो जनसमुदाय लोटतो, तो 'मंचातिमंच' उभारून त्यांवर चढतो. मंचावर मंच अशा या रचनेत आजच्या पायऱ्यापायऱ्यांच्या आसनांचे मूळ रूप दिसते. खेळ करणारी डोंबारीण मात्र मंचावर नसून वेळूच्या टोकावर आहे. असे खेळ ज्या मेळाव्यात होत त्याला 'समाज' ही संज्ञा होती, आणि इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात अशा समाजांत पुष्कळ दोष पाहून त्यांना प्रतिबंध केला, हे प्रसिद्धच आहे. समाज हे प्रसंगाचे नाव, रंग हे त्या प्रसंगाच्या मध्यभागाचे, आणि मंच हे त्याच्या काठाचे.

४

येथपर्यंतचे विभाजन स्वच्छ दिसत असले, तरी या शब्दांच्या अर्थाला प्रथमपासूनच एक चंचलता आहे, आणि ती ध्यानी घेतल्यावाचून पुढील अर्थांतराचा उलगडा होत नाही. आदिपर्वात कर्ण आणि अर्जुन समोरासमोर उभे राहतात तेव्हा 'रंग' दुभंगला असे म्हटले आहे. येथे दुभंगली ती जमीन नव्हे, प्रेक्षकांची मने. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत नटीचे गीत संपल्यावर सूत्रधार सभोवारच्या 'रंगा'कडे निर्देश करतो आणि तो चित्रातल्यासारखा निश्चल झाल्याचे सांगतो, तेथेही रंग म्हणजे प्रेक्षकसमूहच होय. कालिदासाने त्या एकाच वाक्यात 'राग' आणि 'रंग' शेजारी आणून पाणिनीच्या सूत्रातला भेद जणू काव्यात उतरविला आहे.

स्थानाच्या नावाने तेथील माणसे ओळखली जाणे, ही लक्षणा भारतीय शास्त्रकारांच्या पूर्ण परिचयाची होती. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनभाष्यात 'मंच ओरडतात' हे उदाहरण येते आणि ओरडतात ती मंचावरची माणसे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. 'रंग दुभंगला' हाही याच जातीचा प्रयोग. म्हणजे स्थानाच्या नावाने माणसे ओळखण्याची सवय भाषेला जडलेली होती. आणि माणसे बदलली, की नावही हळूहळू दुसरीकडे सरकते.

ग्रीक आणि लॅटिन भाषांत हेच घडलेले दिसते. 'थेआत्रोन' हा ग्रीक शब्द पाहणे या अर्थाच्या धातूपासून बनला असून त्याचा मूळ अर्थ पाहण्याची जागा, म्हणजे टेकडीच्या उतारावरील आसनांचा भाग, एवढाच होता. तोच शब्द ग्रीकांनी प्रेक्षकसमूहासाठीही वापरला, आणि पुढे संपूर्ण वास्तूला व अखेरीस नाट्यकलेलाही त्याचेच नाव मिळाले. 'ओर्खेस्त्रा' म्हणजे नृत्याची जागा. ग्रीक प्रयोगात तेथे वृंद नाचत असे. रोमन रंगमंदिरात त्याच जागी सभासदांची मानाची आसने मांडली गेली, असे व्हिट्रुव्हियस आपल्या वास्तुग्रंथाच्या पाचव्या भागात सांगतो. म्हणजे करणाऱ्यांची जागा पाहणाऱ्यांकडे गेली. पुढे युरोपीय भाषांत तोच शब्द वादकांच्या ताफ्याला लागला व पुन्हा करणाऱ्यांकडे आला. 'मंच' या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे, पण मार्ग एकच.

५

आता प्रश्न असा, की मंच पाहणाऱ्यांकडून करणाऱ्यांकडे गेला कसा? नाट्यशास्त्रात याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहांचे तीन प्रकार वर्णिले आहेत. मध्यम विकृष्ट गृहाची लांबी ६४ हात व रुंदी ३२ हात सांगितली आहे. रंगपीठ, रंगशीर्ष, मत्तवारणी, नेपथ्यगृह अशी अंगेही दिली आहेत. प्रयोगाच्या उंच जागेला तेथे पीठ आणि शीर्ष हे शब्द आहेत, मंच नाही. प्रेक्षकांची आसने सोपानाच्या आकाराची असावीत असे मात्र सांगितले आहे, आणि हे 'मंचातिमंचा'शी जुळते.

याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील कथेकडेही येथे लक्ष वेधले पाहिजे. पहिला प्रयोग झाला तो इंद्राच्या ध्वजोत्सवात. विघ्नांनी त्यात अडथळे आणले, तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकरवी नाट्यगृह बांधविले. कथा पौराणिक आहे हे खरे. पण नाट्यशास्त्राच्या परंपरेला प्रयोग आधी आणि गृह नंतर, असा क्रम ठाऊक होता, हे तीवरून कळते. छपराखालच्या रंगाला उघड्यावरच्या रंगाचे नाव मिळाले, याच्या उलट नव्हे. म्हणून 'खुला रंग' असे म्हणताना 'खुला' हे विशेषण मुळात अनावश्यक होते. रंग झाकला गेल्यावर त्याची गरज पडली.

मंचाच्या अर्थांतराची पहिली पायरी रघुवंशाच्या सहाव्या सर्गात दिसू लागते. इंदुमतीच्या स्वयंवरात राजे मंचांवर बसले आहेत आणि वधू त्या मंचांच्या मधल्या वाटेने जात आहे. राजे तिला पाहतात. पण सर्गाचा सारा भर आहे तो तिने राजांना पाहण्यावर. मंचावर बसलेला येथे एकाच वेळी द्रष्टाही आहे आणि दृश्यही. उंच आसनाचा हा स्वभावच आहे : ज्याला चांगले दिसावे म्हणून ते उंच केले, तोच सर्वांना चांगला दिसू लागतो.

दुसरी पायरी देवतेच्या मंचाची. बंगालमधील विष्णुपूर येथे इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेला प्रसिद्ध रासमंच आहे. रासोत्सवात परिसरातील मूर्ती तेथे आणून लोकांच्या दर्शनासाठी ठेवीत. येथे मंच सर्वस्वी दृश्याचा झाला आहे, मात्र ते दृश्य अचल आहे. तिसरी पायरी माळव्यातील 'माच' या लोकनाट्याची. हे नाव मंच शब्दापासूनच आले असून, उघड्यावर लाकडी खांबांचा बराच उंच मंच उभारून त्यावर नट गातात व नाचतात. येथे शब्द करणाऱ्यांच्या जागेचा झाला, आणि त्याही पुढे जाऊन नाट्यप्रकाराचे नाव बनला. या तीन पायऱ्या एकाच प्रदेशातील सलग इतिहास म्हणून नव्हे, तर अर्थ कसकसा सरकू शकतो याचे दाखले म्हणून ध्यानी घ्यावयाच्या आहेत. त्यांवरून एवढे सिद्ध होते, की 'रंगमंच' या शब्दातील मंच ही कोणा एका भाषांतरकाराची चूक नव्हे. अर्थांतराची दिशा लोकव्यवहारात तयार होती. आधुनिक भाषांनी तिला शिक्षित व्यवहारात स्थान दिले.

६

मराठीत मात्र जुन्या अर्थाच्या खुणा ठिकठिकाणी शिल्लक आहेत. 'मंचक' म्हणजे बसण्यानिजण्याचे उंच आसन. 'माची' म्हणजे गडाच्या अंगची सपाटी. 'मचाण' म्हणजे शिकाऱ्याने दबा धरून पाहत बसण्याची जागा. यांपैकी कोणत्याही शब्दात प्रयोगाचा गंध नाही. मचाणात तर पाहणाऱ्याचाच अर्थ मुख्य आहे. उलट 'रंग' शब्दाचा स्थानवाचक अर्थ देवळांच्या 'रंगमंडपा'त आणि त्यातील 'रंगशिळे'त टिकून राहिला. कीर्तनातील 'पूर्वरंग' ही तर नाट्यशास्त्रातील संज्ञा : नाटकापूर्वीच्या विधींचे ते नाव होते, कीर्तनात ते निरूपणाच्या भागाला लागले आणि त्याच्या जोडीला आख्यानासाठी 'उत्तररंग' आला. 'कीर्तन रंगात आले' असे म्हणताना मराठी भाषक राग आणि रंग या दोहोंतील अंतर अभावितपणे मिटवून टाकतो.

याच वर्गात 'आखाडा' हा शब्द येतो. संस्कृत 'अक्षवाट', प्राकृत 'अक्खाडग' आणि मराठी 'आखाडा' ही परंपरा ध्वनिनियमांना धरून आहे. 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. मल्लांच्या झुंजीचे स्थान हा त्याचा अर्थ मराठीने सांभाळला. जैन आगमांतील 'रायपसेणिय' सूत्रात प्रेक्षागृहमंडपाच्या मध्यभागाला हाच शब्द लावलेला दिसतो. म्हणजे कुस्ती आणि नाट्य यांची स्थाने नावापुरती तरी एकमेकांपासून दूर नव्हती. कंसाच्या रंगात मल्लयुद्ध होते आणि शाकुंतलाच्या रंगात नाटक, यातील संगती यावरून लागते. गोमंतकात धालो, शिगमो, जागर यांच्यासाठी गावोगावी जो 'मांड' असतो, तोही असाच. ती उघडी, पण पवित्र मानलेली जागा. तेथे उंचवटा नाही, पायऱ्या नाहीत. लोक सभोवार उभे राहतात किंवा बसतात. रंग या शब्दाने महाभारतकाराला जे अभिप्रेत होते, त्याच्या सर्वांत जवळचे जिवंत उदाहरण आज शोधावयाचे झाले तर ते नगरातल्या खुल्या रंगमंचापेक्षा गोव्यातल्या मांडावर अधिक सापडेल.

७

राहिला 'ॲम्फिथिएटर' हा शब्द. ग्रीक 'अम्फि' म्हणजे दोन्ही बाजूंनी, सभोवार. ज्याच्या सर्व बाजूंना पाहण्याची जागा आहे ते ॲम्फिथिएटर. इटलीतील पाँपेई येथे इ. स. पूर्व ७० च्या सुमारास बांधलेली दगडी वास्तू या प्रकारातील सर्वांत जुन्या अवशेषांपैकी आहे. पण तिच्या शिलालेखात हा शब्द नाही, 'स्पेक्ताकुला' असा पाहण्याच्या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे. कुरिओ नावाच्या रोमन पुढाऱ्याने लाकडाची दोन फिरती रंगमंदिरे बांधली आणि ती फिरवून समोरासमोर जोडताच त्यांचे ॲम्फिथिएटर झाले, अशी हकीकत प्लिनीने दिली आहे. शब्दाची फोड यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा दाखला मिळणे कठीण. यावरून आवारातील अर्धवर्तुळाकार पायऱ्यांना हे नाव देणे शब्दशः चुकीचे ठरते. ते 'थेआत्रोन' आहे, ॲम्फिथिएटर नव्हे. अर्थात इंग्रजीतही ही सैल योजना रूढ झाली असल्याने तिचा दोष एकट्या मराठीकडे जात नाही.

नागार्जुनकोंडा येथे १९५४ नंतरच्या उत्खननात इक्ष्वाकुकालीन जे प्रेक्षास्थान उजेडात आले, त्यात मधोमध आयताकार अंगण आणि चारही बाजूंना चढत्या पायऱ्यांची आसने आहेत. धरणाच्या पाण्याखाली जाणारी ही वास्तू पुढे अनुपु येथे नव्याने जुळवून उभी करण्यात आली. शब्दाच्या काटेकोर अर्थाने हे ॲम्फिथिएटर म्हणता येईल. त्यावर रोमन छाया आहे की नाही, हा वास्तुशास्त्राच्या इतिहासाचा प्रश्न आहे. भाषाशास्त्राच्या बाजूने एवढेच सांगता येते, की रंग, मंच, प्रेक्षागार, समाज, अक्षवाट या शब्दसमूहात एकही ग्रीक शब्द नाही. ग्रीक प्रभावाच्या वादात ज्या 'यवनिका' शब्दाचा नेहमी हवाला दिला जातो, तो पडद्याचा शब्द आहे. सभोवार प्रेक्षक असलेल्या उघड्या रंगात त्याला जागाच नाही. वास्तूंच्या साम्यावरून शब्दांचे, किंवा एका पडद्यावरून संपूर्ण कलेचे पितृत्व ठरविणे, ही दोन्ही अनुमाने सारखीच सदोष होत.

८

या सर्व विवेचनातून 'रंगमंच' हा शब्द टाकून द्यावा असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रूढी ही शब्दार्थाच्या क्षेत्रात अंतिम अधिकारी असते, आणि रूढ शब्दाला त्याच्या मूळ अर्थाकडे परत हाकलणे हे भाषाशास्त्राचे काम नव्हे. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांनी १९०३ मध्ये आपल्या इतिहासग्रंथाला 'मराठी रंगभूमि' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी अधिक जुना आणि अधिक व्यापक शब्द निवडला होता. आज तो मुख्यतः कलेचे नाव म्हणून उरला आहे आणि स्थानाची जागा 'रंगमंचा'ने घेतली आहे, हे वस्तुस्थिती म्हणून मान्य केले पाहिजे.

परंतु पारिभाषिक लेखनात आणि जुन्या ग्रंथांच्या अनुवादात दोन पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. पहिले असे, की प्राचीन ग्रंथातील 'मंच' या शब्दाचा अनुवाद संदर्भ पाहिल्यावाचून 'रंगमंच' असा करू नये. संदर्भ प्रेक्षकांचा असेल तेथे 'प्रेक्षकांचे आसन' असे स्पष्ट म्हणावे. दुसरे असे, की ज्या स्थानाच्या सभोवार प्रेक्षक असतात आणि ज्याला उंचवटा नसतो, त्यासाठी 'रंगांगण' हा संस्कृतात असलेला सरळ शब्द योजावा, आणि पायऱ्यांच्या अर्धवर्तुळापुढे उंच पीठ असलेल्या रचनेला 'खुला रंगमंच' म्हणावे. एवढा भेद राखला, तर कंस पडला तो कोठून आणि कोठे, हे विद्यार्थ्याला टीपेवाचून कळेल. आणि महाभारतातील जानपदांनी स्वतःच्या हातांनी उभारलेले मंच नटांच्या नावावर जमा न होता त्या पाहणाऱ्यांच्याच नावे राहतील.